मारण्याजोगा चेंडू

माझा मामा, सेनो तेइजी, ओकायामाच्या त्सुरु या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता. त्याने टाकलेला प्रत्येक चेंडू समोरच्याने मारावा, आणि चांगला लांब मारावा, हेच त्याचं काम होतं.

लहानपणी त्याने असं काही ठरवलेलं नव्हतं. तसं कुणीच ठरवत नाही. शाळेत असताना त्याचा चेंडू आमच्या भागातल्या मुलांना दिसतच नसे, बॅट फिरायची तेव्हा तो कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असायचा, असं अजून सांगतात. त्सुरु संघाने त्याची निवड जाहीर केली त्या संध्याकाळी आजोबांनी काचघरात राखून ठेवलेले मस्कत द्राक्षांचे शेवटचे घड कापले आणि गावभर वाटले. आजोबांनी फुकट द्राक्षं वाटल्याची ती एकच वेळ, असं आई म्हणते. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. तिला त्या दिवशी एकही घड मिळाला नव्हता, हेही ती सांगते.

मामा सात वर्षं खालच्या संघात राहिला. वरच्या संघाकडून तो एकदाच उभा राहिला, एका हरलेल्या सामन्याच्या शेवटी, अर्धे लोक घरी गेल्यावर. मग खांदा दुखायला लागला. एका शरद ऋतूत त्याला फोन आला की उद्या सूट घालून ऑफिसात या. खेळाडूला सूट घालून का बोलावतात हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आईने सूटला इस्त्री केली.

ऑफिसात त्यांनी त्याला निरोप दिला आणि त्याच दमात विचारलं, सरावाचा पिचर म्हणून राहाल का? सामन्याआधी बॅट्समनना चेंडू टाकायचे. मामाच्या खांद्यात आता वेग नव्हता, पण चेंडू सांगितलेल्या जागी जायचा, आणि त्याच्या वागण्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. मामाने तिथेच हो म्हटलं.

घरी आला तेव्हा आजोबा विरळणीच्या कात्रीला तेल घालत होते.

"म्हणजे तू टाकायचं आणि त्यांनी मारायचं," ते म्हणाले.

"हो."

"तू त्यांना बाद करायचं नाही."

"नाही."

"आणि झाला एखादा चुकून?"

"तर मी माफी मागायची."

आजोबांनी कात्री मिटली. "मग बाद करायला शिकलास ते कशाला?"

द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थेत सगळ्यांची जा-ये असे. तिथे कुरामोतो नावाचे आजोबांचे जुने शेजारी होते. दोघांच्या बागा बांधाला बांध लागून, त्यामुळे दोघांचं एकमेकांच्या घडांवर बारीक लक्ष. कुरामोतो चहाचा पेला पुढे करून विचारायचे, "तुमचा तेइजी पिचरच आहे ना अजून? मग सामन्यात कसा दिसत नाही हो? आमची ही रोज टीव्हीसमोर बसते, तिला सापडत नाही." आजोबा म्हणायचे, "चष्मा बदला म्हणावं." पण हळूहळू ते माल वजनाला लावला की चहाला न थांबता परत येऊ लागले. मैदानावर तर ते कधी गेलेच नाहीत. कारण नेहमीचंच होतं. द्राक्षं थांबत नाहीत.

मामाचं काम मी पुष्कळदा पाहिलं आहे. दुपारचं ऊन, रिकाम्या खुर्च्या, पाणी मारलेल्या मातीचा वास. जाळीआड उभा राहून मामा चेंडू टाकायचा आणि बॅटचा आवाज यायचा, मग पुन्हा, मग पुन्हा. चेंडू सोपा असायचा, पण तो सोपा ठेवणं सोपं नव्हतं. एकाला कमरेच्या रेषेत हवा, दुसऱ्याला थोडा बाहेर. एखादा काल रात्री वाईट खेळलेला असला की त्याला पहिले काही चेंडू असे द्यायचे की हाताला गोड लागतील आणि कालचं विसरेल. हे कुणी तोंडाने सांगत नाही. बॅट्समन मातीवर आखलेल्या पेटीत येऊन पाय रोवतो त्यावरून ते ओळखायचं. मामाकडून चेंडू खेळून गेलेला माणूस संध्याकाळी चांगला खेळतो, असं संघात मानू लागले होते. मोठमोठे खेळाडू त्याच्याच जाळीपुढे रांग लावायचे. मामा खूश होता. आजोबांपुढे तो तसं दाखवत नसे.

आता टोपीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

आमच्याकडे पिचरचा चेंडू बॅट्समनला लागला, तर पिचर टोपी काढून वाकतो. न वाकणारा पिचर मी पाहिलेला नाही. सरावाच्या पिचरला तर चेंडू नुसता वाकडा गेला तरी टोपीला हात लावावा लागतो. मामा हे मनापासून करायचा. वय, मान काही न बघता तो सगळ्यांना "तुम्ही" म्हणायचा, नव्याने आलेल्या पोरांनासुद्धा.

आराकाकी हा तसाच नव्याने आलेला, ओकिनावाचा, दांडग्या खांद्यांचा आणि सावकाश बोलणारा. दोन वर्षांत तो संघाचा सगळ्यात मोठा बॅट्समन झाला. तिसऱ्या वर्षी वसंतातल्या एका दुपारी मामाचा चेंडू हातातून सुटताना जरासा घसरला आणि त्याच्या कोपरावर बसला. वेग फार नव्हता, पण जागा वाईट होती. हाडाला चीर गेली. आराकाकी तो मोसम खेळला नाही आणि त्सुरु संघ तळाला गेला.

गाडी त्याला घेऊन जाईपर्यंत मामा टोपी हातात धरून वाकून उभा होता. गाडी वळणाआड गेली तरी वाकलेलाच होता. शेवटी मैदानाच्या माळ्याने जवळ येऊन सांगितलं की आता पाणी मारायचं आहे, जरा बाजूला व्हा.

त्याला कुणी काही बोललं नाही. कुणी काही बोलत नाही, हेच अवघड असतं. मामा दर आठवड्याला आराकाकीकडे द्राक्षं घेऊन जायचा, दारातच वाकायचा आणि परत यायचा. शेवटी आराकाकीच्या बायकोने आईला फोन केला. "ताई, त्यांना सांगाल का? आमच्या फ्रिजमध्ये आता दूध ठेवायला जागा नाही."

पुढच्या मोसमात मामाच्या हातात काहीतरी बिघडलं. चेंडू टाकला की तो टोपीला हात लावायचा, वाकडा गेला तरी आणि सरळ गेला तरी. मग चेंडू खरंच वाकडे जाऊ लागले. एक डोक्यावरून, एक पायाजवळ मातीत. बॅट्समन चार चेंडू सोसायचे आणि नम्रपणे म्हणायचे, "सेनो-सान, आज एवढंच पुरे, आभारी आहे." मग शेजारच्या जाळीपुढे जाऊन उभे राहायचे. मामाच्या जाळीपुढची रांग संपली. तो एकटाच चेंडूंची टोपली घेऊन उभा असायचा आणि टोपलीतले चेंडू पुसायचा.

सरावाची सगळी व्यवस्था निशिगाकी बघायचे. ते जुने कॅचर, बोटं सगळी वाकडी, आणि बोलणं एकदम सरळ. त्यांनी मामाला बोलावलं. "जुलैतल्या ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीपर्यंत बघू या," ते म्हणाले. "नाहीतर साहित्याच्या खोलीत माणूस हवाच आहे. बॅटा मोजायच्या, कपडे धुवायला द्यायचे. वाईट काम नाही."

"नाही, वाईट नाही," मामा म्हणाला. आणि टोपी काढून वाकला.

आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "घे ना मग ते काम. खांद्यालाही बरं."

मामा म्हणाला, "ताई, बॅटा मोजणारा पिचर नसतो."

तेवढीच गोष्ट होती. आजोबांनी कितीही टोमणे मारले, कुरामोतोंनी कितीही चष्मे पुसले, तरी तो स्वतःला पिचर म्हणत होता आणि ते खरं होतं. हात चालला नाही तर ते खरं राहणार नव्हतं.

आराकाकी कोपर बरं करून परतला. पहिल्याच दिवशी तो मामाच्या रिकाम्या जाळीपुढे जाऊन उभा राहिला. सगळ्यांनी आपापले चेंडू थांबवले. मामाने टाकलेला पहिला चेंडू आराकाकीच्या पाठीमागून गेला.

मामाची टोपी निघाली.

दुसरा मातीत. टोपी. तिसरा ठीक आला, तरीही टोपी.

आराकाकी बॅट खांद्यावर टाकून चालत जाळीपाशी आला. "सेनो-सान, तुम्ही टोपी कुठल्या हाताने काढता?"

मामाने विचार केला. "उजव्या. डाव्यात ग्लव्ह असतो."

"आणि चेंडू?"

"उजव्याच."

"मग बघा ना. चेंडू टाकल्यावर हात खाली, गुडघ्यापर्यंत गेला पाहिजे. तुमचा अर्ध्यातूनच वर वळतो, टोपीकडे. मी समोरून बघतोय. चेंडू अजून तुमच्या बोटांत असतो आणि हात माफी मागायला निघालेला असतो."

मामा आपल्या हाताकडे बघत राहिला.

"माझ्या कोपराचं झालं ते झालं," आराकाकी म्हणाला. "ते तुम्ही द्राक्षांत फेडलं. माझी बायको आता द्राक्ष बघितलं की तोंड फिरवते. टोपी द्या इकडे."

"तुम्ही टोपीशिवाय मैदानात..."

"आणि मला तुम्ही म्हणू नका. आमच्या गावात मला पोरंसोरंही तुम्ही म्हणत नाहीत."

त्याने मामाची टोपी आपल्या मागच्या खिशात खुपसली आणि स्वतःचं हेल्मेट मामाच्या डोक्यावर बसवून हनुवटीखालचा पट्टा आवळला. "आता काढून दाखवा. दोन हात लागतील. तोवर विसराल."

त्या दिवशी मामाचा हात किती वेळा हेल्मेटवर आपटला ते तोच जाणे. संघातली पोरं शेजारच्या जाळीत बॅटा टेकवून हसत होती. दुसऱ्या दिवशी हेल्मेटच्या मागे कुणीतरी कागद चिकटवला होता, 'काम चालू आहे, तसदीबद्दल क्षमस्व'. मामाने तो काढला नाही. आराकाकी मात्र रोज त्याच्याच पुढे उभा राहायचा आणि वाकडा चेंडू आला की तोंड वेंगाडून म्हणायचा, "हा कुणासाठी होता? त्याला बोलावू का?"

जून सरत आला तसा हात खाली जाऊ लागला. आधी कधीतरी, मग बऱ्याचदा. गुडघ्यापर्यंत, सैल, जसा तो पूर्वी जायचा. एका दुपारी शेजारच्या रांगेतला एक बॅट्समन चोरट्यासारखा मामाच्या जाळीपुढे येऊन उभा राहिला. त्याच्या मागे दुसरा आला.

ऑल-स्टारचा सामना त्या वर्षी आमच्याच मैदानावर होता. त्याआधी होमरनची, म्हणजे चेंडू कुंपणापार मारण्याची, स्पर्धा, आणि तिच्यासाठी लोकांनी आराकाकीला निवडलं. चेंडू कोण टाकणार ते बॅट्समनने सांगायचं असतं. त्याने वार्ताहरांसमोर सांगून टाकलं, "सेनो-सान. माझं कोपर त्यांच्या ओळखीचं आहे."

निशिगाकींनी मामाला पुन्हा बोलावलं. "टीव्ही आहे. तिथे हेल्मेट नाही, टोपीच."

"हो."

"तुझा हात बरा झालाय की पट्ट्याने बांधून ठेवलाय, ते मला त्या संध्याकाळी दिसेल. चालला तर तू माझा पिचर, मी पुन्हा विचारणार नाही. नाही चालला तर साहित्याची खोली. तेव्हाही मी पुन्हा विचारणार नाही."

मामाने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आजोबा तोडलेले घड पेटीत लावत होते. जुलै म्हणजे काचघरातल्या मालाची तोडणी ऐन भरात, पहाटेपासून कात्र्या चालतात, दुपारपर्यंत पेट्या गेल्या पाहिजेत. आई म्हणाली, "बाबा, त्या दिवशी याल ना?"

"द्राक्षं थांबत नाहीत."

"संध्याकाळी आहे. संध्याकाळी तुम्ही काय तोडता?"

"पोरगा सगळ्या देशासमोर मार खाणार आणि मी टाळ्या वाजवायला येऊ?"

मामा तिथेच होता. त्याने एक घड देठाला धरून उचलला, मण्यांवरच्या पांढऱ्या भुकटीला बोट लागू न देता, आणि आजोबांच्या पेटीत ठेवला. आजोबांनी तो पुन्हा उचलून निरखला. नाव ठेवायला काही सापडलं नाही.

त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आजोबा गाडीत पुढच्या सीटवर आधीच बसलेले होते, संस्थेची हिरवी टोपी घालून, मांडीवर ओनिगिरीचा, भाताच्या गोळ्यांचा, डबा. आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"रस्ता चुकशील," ते म्हणाले. "तुला डावं-उजवं कळत नाही."

स्टेडियम शिगोशीग भरलं होतं. दिवे लागले होते, तरी आकाशात उजेड होता. तिसऱ्या बेसच्या बाजूला आमच्या खुर्च्या होत्या. आजोबांच्या पलीकडे एक गलेलठ्ठ माणूस उकडलेल्या शेंगा आणि बिअर घेऊन बसला होता. दुसऱ्या बाजूचा बॅट्समन आधी खेळून गेला आणि फलकावर मोठा आकडा लावून गेला. नियम साधा होता. बॅट फिरवली आणि चेंडू कुंपणापार गेला नाही, तर तो फटका वाया. ठरलेले फटके वाया गेले की पाळी संपली.

मग आराकाकी आला, आणि त्याच्या समोर, जाळीआड, मामा. त्याच्या अंगावर पाठीला नाव नसलेला शर्ट आणि डोक्यावर टोपी होती.

"हा कोण?" शेजारचा माणूस म्हणाला. "खेळाडू नाही वाटतं."

आजोबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

पहिला चेंडू बरा होता. आराकाकीने मारला, पण तो कुंपणाच्या अलीकडेच पडला. दुसराही. तिसरा चेंडू आत आला. अगदी आत, आराकाकीच्या कोपराजवळून, त्याच कोपराजवळून. एवढ्या लोकांचा श्वास एकदम आत गेला तो आवाज मी ऐकला.

मामाचा उजवा हात वर गेला.

आईने माझं मनगट धरलं. लांब खाली निशिगाकी कठड्याला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. मामाची बोटं टोपीच्या पुढच्या काठाला लागली. समोर आराकाकी जागचा हलला नव्हता. तो पेटीतून मागे झाला नाही, कोपर चोळलं नाही, त्याने मामाकडे बघून मानही हलवली नाही. तसाच बॅट उगारून उभा होता, पुढचा चेंडू येणारच आहे असा.

मामाने टोपी काढली नाही. काठ धरून ती खाली ओढली, भुवयांपर्यंत, घट्ट. आणि हात टोपलीत घातला.

पुढचा चेंडू कमरेच्या रेषेत, किंचित बाहेर, आराकाकीला आवडतो तिथे आला. मामाचा हात खाली गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बॅटचा आवाज आला आणि चेंडू उजव्या बाजूच्या दिव्यांपर्यंत चढून प्रेक्षकांत पडला.

त्यानंतरचा चेंडू तिथेच आला, आणि तिथेच जाऊन पडला. मग त्यापुढचा. लोक उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले आणि मग बसलेच नाहीत. मध्येच एखादा फटका वाया जायचा, पण मामाचा हात आता टोपीकडे बघतही नव्हता. टाक, मार. टाक, मार. दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे चालायचं तेच, पण आता त्या सगळ्या खुर्च्या ओरडत होत्या.

"काय सोपे टाकतोय," शेजारचा माणूस म्हणाला. "असे तर कुणीही टाकेल. मीसुद्धा टाकीन."

"जा ना मग," आजोबा म्हणाले.

"काय?"

"खाली जा. टाकून दाखवा. शेंगा मी धरतो."

तो माणूस आमच्याकडे पाहू लागला. आई सांभाळून घ्यायला म्हणाली, "माफ करा. तो यांचा मुलगा आहे."

"माफी कशाची?" आजोबा म्हणाले. त्यांचं लक्ष मैदानावरून हललं नव्हतं. "प्रत्येक चेंडू एकाच जागी येतोय. मघापासून बघतोय मी. एकाच जागी. दोन घड एकसारखे करताना माणसाचं आयुष्य जातं."

फलकावरचे दोन आकडे सारखे झाले. आराकाकीचा एकच फटका शिल्लक होता. हा वाया गेला की स्पर्धा बरोबरीत सुटणार होती. त्याची छाती भात्यासारखी हलत होती, खांदे उतरले होते. मामाने चेंडू हातात घेतला, थांबला, आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. एक बूट. मग दुसरा. सगळं स्टेडियम वाट बघत होतं. पुढे आई म्हणाली, "त्याची नाडी सुटलेली नव्हतीच. लहानपणापासून दुहेरी गाठ मारतो तो." मामा उठला तेव्हा आराकाकीचे खांदे पुन्हा जागेवर आले होते.

तो चेंडू मामाने थोडा सावकाश टाकला. दमलेल्या हातांना एवढा वेळ लागतो, हे धरून. तो पडत पडत कमरेच्या रेषेत आला. आराकाकीने मारलेला तो चेंडू मी वर जाताना पाहिला, पण खाली येताना दिसला नाही. तो मागच्या भिंतीपलीकडे, गाड्या लावतात तिकडे गेला.

आराकाकी धावत आला तो बक्षिसाकडे नाही, जाळीकडे. त्याने हेल्मेट काढलं, आणि सगळ्यांच्या देखत मामासमोर कमरेत वाकला. मामा गोंधळला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, डाव्या हातातला ग्लव्ह काखेत धरला आणि टोपी काढली. डाव्या हाताने. उजवा हात तसाच खाली होता, सैल. मग तो प्रेक्षकांकडे वळला आणि टोपी वर धरली. टाळ्या वाढतच गेल्या. शेजारचा माणूस आजोबांपुढे शेंगांची पिशवी धरून म्हणाला, "घ्या हो, आजोबा. घ्या." आजोबांनी घेतल्या. ते उभे होते. कधी उठले ते मला कळलं नव्हतं.

आराकाकीला मोटार मिळाली. चेंडू टाकणाऱ्याला नूडल्सचं एक खोकं मिळालं. खाली बोगद्यात निशिगाकी भेटले. त्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"उद्या सुट्टी. परवा वेळेवर ये," ते म्हणाले. "साहित्याच्या खोलीसाठी मी दुसरा माणूस बघतो. आणि ते हेल्मेट पोराला परत दे. त्याच्यावरचा कागद फाडून टाक."

"हो," मामा म्हणाला.

"वाकू नकोस आता."

मामा वाकला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो तोडणीला आला. सुट्टीच्या दिवशी येतोच तसा. काचघरात तिघंचौघं होतो आम्ही, कात्र्यांचा आवाज, ओला उकाडा. आजोबांनी त्याला एकही चूक काढून दाखवली नाही, याचं आईला फार आश्चर्य वाटलं. दुपारी पेट्या संस्थेत नेल्या. कुरामोतो वजनकाट्याजवळच होते. त्यांनी मामाकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

"काल पाहिलं हो टीव्हीवर," ते म्हणाले. "बायकोने हाक मारून दाखवलं. सापडला म्हणाली एकदाचा." त्यांनी चहाचा पेला फुंकला. "पण काय हो, एवढे चेंडू टाकले, एकालाही बाद नाही केलं त्याने."

"एकालाही नाही," आजोबा म्हणाले.

त्यांनी पेटी काट्यावर ठेवली, बाकावर बसून टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि दोन पेले चहा मागवला.